रेखाटन सुधारते ते पाहण्यातून

रेखाटन फसले की दोष हाताला दिला जातो. वस्तुतः बहुतेक नवशिक्यांचा हात पुरेसा स्थिर असतो, परंतु समोरच्या खुर्चीऐवजी मनात ठसलेली खुर्ची कागदावर उतरत असल्यामुळे तिचे चारही पाय सारख्या लांबीचे निघतात.

ही सवय मोडण्यासाठी न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमधील शिक्षक किमॉन निकोलाइडीस यांनी, निधनोत्तर १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, बाह्यरेषेचा सराव सुचवला. त्यात नजर कागदाकडे न वळवता वस्तूच्या कडेवरून सावकाश फिरवायची आणि पेन्सिल त्या कडेलाच टेकली आहे असे मानून त्याच गतीने हात चालवायचा असतो. चित्र वेडेवाकडे येते, आणि त्यात काही बिघडत नाही.

बेटी एडवर्ड्स यांनी १९७९ च्या पुस्तकात मोकळ्या जागेवर, म्हणजे खुर्चीच्या पायांमधून दिसणाऱ्या रिकाम्या आकारांवर, भर दिला. या आकारांना नाव नसल्याने त्यांच्याविषयी पूर्वग्रहही नसतो, आणि ते अचूक उतरले की खुर्ची आपोआप जमते. एडवर्ड्स यांची मेंदूच्या दोन भागांची उपपत्ती फारच ढोबळ असली, तरी सराव मात्र उपयुक्त आहे.

महाराष्ट्रातील एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांमधील वस्तुचित्राचा हेतूही निरीक्षण हाच आहे; घागर आणि पेला ठरावीक वळणाने घोटून घेणाऱ्या शिकवण्यांनी तो बराचसा झाकोळला, ही बाब वेगळी.