चाळिशीनंतर गंभीर आजाराचा विमा : आयुष्मान कार्ड असताना काय तपासावे?

आपले वय ४० ते ५५ च्या दरम्यान आहे, घरात आयुष्मान कार्ड आहे आणि बँकेच्या पासबुकात दर वर्षी विम्याचे पैसे कापल्याची नोंद दिसते. मग आजारपणाची सोय झालेलीच आहे, असे आपण धरून चालतो. ती सोय नेमकी किती आहे, हे निरोगी असतानाच पाहून घ्यावे.

सुरुवात पासबुकापासून करा. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये कापले जात असतील, तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे. २० रुपये कापले जात असतील, तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. पहिलीत मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. दुसरीत अपघाती मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जास्तीत जास्त २ लाख मिळतात. कर्करोग झाला, मूत्रपिंड निकामी झाले, तर उपचार चालू असताना या दोन्हींतून एक रुपयाही मिळत नाही. शिवाय जीवन ज्योतीचे संरक्षण वयाच्या ५५ व्या वर्षी संपते, म्हणजे आजारांची भीती वाढते त्याच सुमारास.

आता आयुष्मान कार्ड. या योजनेत कुटुंबाला दर वर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मोफत मिळतात. जुना आजार असला तरी प्रतीक्षा करावी लागत नाही. ओमतीजवळचे सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालय (लोक अजून व्हिक्टोरियाच म्हणतात) किंवा गढ्याचे नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेज येथे जाऊन आयुष्मान मदत कक्षात चौकशी करता येते. नातेवाईक नागपूरला असल्याने तिकडे उपचार घ्यायचे असतील, तर तिथल्या योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातही हेच कार्ड चालते. जाण्यापूर्वी १४५५५ वर फोन करून ते रुग्णालय आणि तो उपचार यादीत आहे का, ते विचारा. घरात ७० वर्षांवरील आई-वडील असतील, तर त्यांचे वय वंदना कार्ड काढून घ्या. त्यांच्यासाठी वेगळे ५ लाख मिळतात आणि कुटुंबाच्या रकमेला हात लागत नाही.

मात्र हा पैसा रुग्णालयाला मिळतो, घराला नाही. भरती न होता घेतलेली औषधे, घरी परतल्यावर १५ दिवसांनंतरचा औषधखर्च, सोबत राहणाऱ्याचे भाडे-जेवण आणि बंद पडलेली कमाई यांतले काहीच त्यात येत नाही. समजा, महिन्याला १५ हजारांवर घर चालते आणि कमावता माणूस ८ महिने घरी बसला. उपचार पूर्ण मोफत झाले तरी १ लाख २० हजारांचा खड्डा पडतो.

गंभीर आजाराचा विमा नेमका या खड्ड्यासाठी असतो. दक्षिण आफ्रिकेतील हृदयशल्यचिकित्सक डॉ. मारियस बर्नार्ड यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये तो सुरू झाला. शस्त्रक्रियेतून वाचलेले रुग्ण पैशाअभावी खचतात, हे त्यांनी पाहिले होते. यात निदान झाल्यावर ठरलेली रक्कम एकदम आपल्या हाती येते; रुग्णालयाचे बिल किती झाले याचा संबंध नाही. रक्कम मिळाली की पॉलिसी बहुधा तिथेच संपते.

या विषयाचा अनुवाद करताना ‘गंभीर’ या शब्दापाशी दर वेळी थांबावे लागते. आपल्या बोलण्यात आजार किती त्रास देतो, त्यावरून तो गंभीर ठरतो. पॉलिसीत मात्र जो यादीत आहे आणि व्याख्येत बसतो तोच गंभीर. अगदी सुरुवातीच्या, पसरलेल्या नसलेल्या कर्करोगाला मूळ व्याख्येत रक्कम मिळत नाही. पक्षाघाताचा परिणाम किमान ३ महिने टिकल्याचा पुरावा द्यावा लागतो. मूत्रपिंडाच्या बाबतीत नियमित डायलिसिस सुरू झालेले असावे किंवा प्रत्यारोपण झालेले असावे. छाती उघडून केलेल्या बायपासच्या व्याख्येत अँजिओप्लास्टी येत नाही; ती यादीत वेगळी आहे का, ते पाहावे लागते.

अशी पॉलिसी आधीपासून असेल, तर ती काढून पुन्हा वाचा. विशेषतः कर्जासोबत दिलेली असेल, तर रक्कम कर्जाबरोबर कमी होत जाते का आणि कर्ज फिटल्यावर संरक्षण उरते का, हे बँकेकडून लेखी घ्या. पस्तिशीत घेतलेले २ लाख पन्नाशीत पुरतीलच असे नाही. तरीही नवी घेण्यासाठी जुनी घाईने बंद करू नका. नव्या पॉलिसीत बहुधा पहिले ९० दिवस संरक्षण नसते आणि आधीच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते. निदानानंतर ठरावीक दिवस, अनेकदा ३०, रुग्ण हयात असण्याचीही अट असते.

पॉलिसी नसेल, तर लगेच एजंटकडे जाऊ नका. महिन्याचे वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर आपली नोंद कर्मचारी राज्य विमा योजनेत आहे का, ते आधी वेतनचिठ्ठीत पाहा. तिथे पात्र कामगाराला कर्करोगासह ३४ दीर्घकालीन आजारांत वेतनाच्या ८० टक्के इतका लाभ २ वर्षांपर्यंत मिळू शकतो. घरी रोख पैसा येण्याची ही सोय बाजारातल्या कित्येक पॉलिसींपेक्षा भक्कम आहे, आणि तिची वर्गणी आपण आधीच भरत असतो. ती नसेल आणि हप्ता दर वर्षी न चुकता झेपणार असेल, तरच पॉलिसी घ्या. ५ ते ६ महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम नसण्यापेक्षा बरी. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, त्यामुळे जुन्या दरपत्रकावर विसंबू नका.

अर्जात मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांपैकी काहीही लपवू नका. एजंट ‘राहू द्या’ म्हणाला तरी. बिडी ओढणे हेही तंबाखूतच येते. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते, म्हणून आजारांची यादी त्याच महिन्यात कुणाकडून तरी वाचून घ्या.

दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर पटले नाही, तर वर्षभराच्या आत भोपाळच्या विमा लोकपालांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. विमा नियामकाचा मदत क्रमांक १५५२५५ आहे.