रिकामं स्टाइलशीट काय करतं?

एक्सएसएलटी ही एक्सएमएल मजकुराचं रूप पालटणारी भाषा. तिचं एक स्टाइलशीट, म्हणजे तिच्यात लिहिलेला प्रोग्रॅम, घ्या आणि आत काही म्हणजे काही लिहू नका. फक्त बाहेरचा टॅग उघडा आणि बंद करा. मग त्याच्यापुढे ही ओळ ठेवा (हो, एक्सएमएलमध्ये टॅगची नावं देवनागरीतही चालतात):

<पुस्तक><नाव>श्यामची आई</नाव><लेखक>साने गुरुजी</लेखक></पुस्तक>

एरर येईल असं वाटतं ना? येत नाही. एक्सएमएलची ठरावीक पहिली ओळ सोडली, तर बाहेर पडतं: श्यामची आईसाने गुरुजी. टॅग गळून गेले, अक्षरं मात्र सगळी शाबूत. एकही सूचना न देता प्रोग्रॅम चालला!

ही किमया 1999 सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनची आहे, जेम्स क्लार्क यांनी संपादित केलेल्या. काम सुरू होतं दस्तऐवजाच्या मुळापासून. त्याची खूण नुसती एक तिरकी रेघ, '/'. मुळासाठी तुम्ही टेम्प्लेट, म्हणजे ते भेटलं की काय करायचं हे सांगणारा नियम, लिहिलं असेल तर ते चालतं. नसेल तर भाषेतलाच अंगभूत नियम पुढे सरसावतो: घटक भेटला की त्याच्या पोटात शिर, मजकूर भेटला की उतरवून घे, कॉमेंट भेटली की सोडून दे. एवढ्या शिदोरीवर तो हजार पानांचा ग्रंथही शेवटच्या अक्षरापर्यंत पालथा घालतो. मला तर यातलं सगळ्यात सुंदर हे वाटतं की तुमचं एखादं टेम्प्लेट या वाटचालीत अधेमधे कुठेही उभं राहू शकतं. 'लेखक'साठी एकच लिहा. लेखक आला की ते चालेल, बाकीचं आपोआप.

पण मूळ दस्तऐवजच नसेल तर? समजा, स्टाइलशीटला स्वतःच शंभर फाइली उघडायच्या आहेत. पहिल्या आवृत्तीत अशा वेळी नावापुरती एखादी फाइल पुढे करावी लागे. 2007 च्या दुसऱ्या आवृत्तीने ही अट काढली: टेम्प्लेटचं नाव सांगा, तिथून सुरू. तरी ते नाव दर वेळी चालवणाऱ्याला माहीत असावं लागायचं. 2017 मध्ये तिसरी आवृत्ती आली, मायकेल के यांनी संपादित केलेली. तिने एक नाव कायमचं राखून ठेवलं: 'एक्सएसएल:इनिशियल-टेम्प्लेट'. स्टाइलशीट चालवणाऱ्या, के यांच्याच सॅक्सन प्रोसेसरला आता नुसतं '-आयटी' म्हटलं, पुढे नाव दिलं नाही, तरी तो थेट याच टेम्प्लेटपाशी जातो.