आपत्काळी संसद-सभासदाचे साहाय्य : शिक्षकांस काही माहिती

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा व पंचगंगा या नद्यांस महापूर येऊन सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील अनेक गावे जलमय झाली. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या एका शाळेस मी भेट दिली. देवळाच्या ओवरीत सातवीचा नागरिकशास्त्राचा पाठ चालू होता. एका मुलाने विचारले, "गुरुजी, खासदारांना दरसाल पाच कोटी मिळतात ना? मग आमची शाळा ते का बांधून देत नाहीत?" गुरुजी निरुत्तर झाले. खरे सांगावयाचे तर मलाही त्या वेळी नीट उत्तर देता आले नसते.

पाच कोटींचा आकडा खरा आहे. 'मिळतात' हा शब्द मात्र खरा नव्हे. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली आणि २०११-१२ पासून प्रत्येक सभासदामागे वार्षिक ५ कोटी रुपयांची तरतूद झाली. हा पैसा सभासदाच्या हाती पडत नाही. तो काम सुचवितो. मंजुरी देणे व काम करवून घेणे हे जिल्हा प्रशासनाकडे असते. कामही सार्वजनिक व टिकाऊ स्वरूपाचे हवे. शाळेची खोली त्यात बसते. कोणा एकाच्या घरात भरावयाचे धान्य बसत नाही.

मोठ्या आपत्तीसाठी मात्र मर्यादा सैल केलेली आहे. एरवी लोकसभेच्या सभासदाने आपल्या मतदारसंघातील कामे सुचवावयाची असतात. परंतु आपत्ती 'गंभीर स्वरूपाची' ठरविली गेली, म्हणजे देशातील कोणताही सभासद बाधित जिल्ह्यासाठी १ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवू शकतो. २०१८ च्या केरळातील महापुराच्या वेळी असेच घडले. उलट, २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा केंद्र शासनाने ही योजनाच स्थगित करून तो पैसा साथनिवारणाकडे वळविला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात "खासदारांनी काहीच दिले नाही" अशी तक्रार ज्यांनी केली, त्यांस हे कोणी सांगितले नसावे.

प्रत्यक्ष मदतकार्य २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली चालते. नुकसानभरपाई पंचनाम्यावरून ठरते आणि ती बहुतांशी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते. त्या निधीत आपल्या राज्यापुरता केंद्राचा वाटा ७५ टक्के असतो. मग सभासदाचे काम कोणते? माझ्या मते बोलणे, हेच त्याचे मुख्य काम होय. शून्य प्रहरात किंवा नियम ३७७ अन्वये तो गावाची हकीकत लोकसभेपुढे मांडू शकतो. खात्याच्या मंत्र्यास पत्र लिहू शकतो. रुग्णास पंतप्रधान राष्ट्रीय मदतनिधीतून साहाय्य मिळावे म्हणून शिफारस करू शकतो. अडलेल्या पंचनाम्याविषयी जिल्हाधिकाऱ्यांस विचारणा करू शकतो. मात्र बोलावयास त्याच्या हाती नेमकी माहिती हवी.

येथे शिक्षकांचा संबंध येतो. त्या पुरानंतर दोन शाळांचे अर्ज माझ्या पाहण्यात आले. एकात "शाळेचे अतोनात नुकसान झाले असून त्वरित मदत व्हावी" एवढेच होते. दुसऱ्यात पट किती, वर्गात पाणी किती फूट चढले, ते किती दिवस राहिले, कोणत्या भिंतीस तडा गेला, बाके व पुस्तके किती वाया गेली, हे सारे तारीखवार लिहिले होते. पहिला अर्ज माहितीसाठी परत आला, आणि त्या शाळेची मुले पुढील पावसाळ्यापर्यंत ओवरीतच बसली. वर सांगितलेला प्रश्न विचारणारा मुलगा त्यांपैकीच एक.

अर्ज शिक्षकाने एकट्याच्या नावे घेऊन जाऊ नये. शाळा व्यवस्थापन समितीचा व ग्रामपंचायतीचा ठराव जोडून तो गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडे जावा. सभासदास प्रत ग्रामपंचायतीने धाडावी. पंचनाम्याची नक्कल शाळेच्या दप्तरी ठेवावी. आणि गावकरी उत्साहाने भिंतीस चुना देऊ लागण्यापूर्वी पाण्याची खूण तेवढी मोजून घ्यावी.