गच्ची नसलेल्यांचा सूर्य

घरांच्या गच्चीवरील सौरविजेच्या बाबतीत गुजरात हे देशातील अग्रेसर राज्य आहे आणि त्यात सुरत शहराचे नाव नेहमीच आघाडीवर घेतले जाते. ही प्रगती आपोआप झालेली नाही. राज्याने आपले पहिले सौरधोरण २००९ साली जाहीर केले. २०१९ साली आलेल्या सूर्य-गुजरात योजनेत तीन किलोवॉटपर्यंतच्या घरगुती संचास चाळीस टक्के अनुदान मिळू लागले. २०२४ साली केंद्राची सूर्यघर योजना आली आणि तीन किलोवॉटच्या संचास ७८ हजार रुपये मिळू लागले. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरील वस्तू व सेवा करही १२ वरून ५ टक्क्यांवर उतरला.

परंतु या अनुदानाचा लाभ घेण्यास घर मालकीचे हवे आणि त्यावर पॅनेल बसेल अशी गच्ची हवी. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत यंत्रमाग व कापडबाजाराच्या आश्रयाने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आहेत. काहींनी घरे बांधली. पुष्कळजण अद्याप भाड्याच्या खोलीत आहेत. त्यांच्या डोक्यावर ऊन काही कमी पडत नाही! विजेचे बिल ते भरतात आणि त्यावरचे वीजशुल्कही भरतात. (गुजरातचा हा शुल्काचा कायदा मूळचा १९५८ सालचा, म्हणजे द्विभाषिक मुंबई राज्याचा. १९६० साली राज्ये वेगळी झाली, शुल्क दोन्हीकडे राहिले.) घरमालकाच्या गच्चीवर वीज तयार होते, तेव्हा त्याचे बिल उतरते आणि बिलाबरोबर शुल्कही. त्यासाठी लागणारे अनुदान ज्या तिजोरीतून जाते, तिच्यात भाडेकऱ्याने चपलेवर भरलेला करही असतोच.

सदनिकाधारकांची स्थितीही फारशी निराळी नाही. गृहनिर्माण संस्थांना किलोवॉटमागे १८ हजार रुपये मिळतात, पण ते पाण्याचा पंप, लिफ्ट, जिन्यातील दिवे अशा सामायिक सोयींसाठी. घरातल्या पंख्याचे बिल त्याने कमी होत नाही.

भाडेकरू खोली सोडून गेला तर संचाचे काय करायचे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यावर उपाय निघालेला आहे. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ सालीच अशी व्यवस्था मान्य केली, की संच एका ठिकाणी असावा आणि त्याचे युनिट अनेक ग्राहकांच्या बिलांतून ठरलेल्या हिश्शाने वजा व्हावेत. सुरत महानगरपालिकेच्या शाळांना गच्च्या आहेत. मराठी माध्यमाच्या शाळांनाही आहेत. तेथे असे सामायिक संच उभारून जवळपासच्या भाडेकऱ्यांस हिस्से द्यावेत, आणि खोली बदलली तरी हिस्सा ग्राहकाच्या नावावर राहावा. मात्र मीटर घरमालकाच्या नावे आणि वीज भाडेकऱ्याची, असा प्रकार सर्रास चालतो. तेथे हिस्सा कोणाच्या बिलातून वजा होणार, हे राज्य सरकारने व आयोगाने नियमांतच स्पष्ट लिहावयास हवे.