शिलालेखाच्या आधारे संशोधनलेखनाचे अध्यापन : भेडाघाटच्या प्रशस्तीचे उदाहरण

संशोधनलेखन शिकवताना विषयनिवड, टिपणे, मांडणी आणि संदर्भ असा क्रम सामान्यतः सांगितला जातो. तथापि साधनातील विधान आणि त्यावरून काढलेले अनुमान यांतील भेद विद्यार्थ्याच्या लेखनात उतरला नाही, तर हा क्रम निव्वळ औपचारिक ठरतो. हा भेद शिकवण्यासाठी जबलपूरच्या परिसरातील एक साधन विशेष उपयुक्त आहे.

जबलपूरजवळील भेडाघाट येथील कलचुरी राणी अल्हणदेवीचा संस्कृत शिलालेख तिचा पुत्र नरसिंह याच्या राजवटीतील आहे. शिवमंदिर, मठ व व्याख्यानशाळा उभारल्याचा उल्लेख त्यात येतो. मूळ शिला एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेली. त्यामुळे विद्यार्थ्याला फिट्झएडवर्ड हॉल, फ्रान्झ कीलहॉर्न आणि वा. वि. मिराशी यांच्या संपादित पाठांकडे वळावे लागते. मिराशींचा कलचुरी-चेदी लेखांचा संग्रह १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच ओळीची ही वाचने शेजारी शेजारी मांडणे, हा वर्गातील पहिला पाठ होय.

दुसरा पाठ कालनिर्णयाचा. लेखात ९०७ हे वर्ष आहे, पण संवताचे नाव नाही. तो विक्रम संवत मानल्यास इ.स. ८५० हे वर्ष येते, इ.स. २४८ च्या सुमारास सुरू झालेला कलचुरी संवत मानल्यास ११५५. एका गृहीतकाने तीनशे वर्षांचे अंतर पडते. लेखातील तिथी व वार यांच्या गणिताने कोणता संवत जुळतो, हे पडताळून मगच निष्कर्ष लिहावयाचा असतो.

तिसरा पाठ साहित्यप्रकाराचा. या प्रशस्तीत कर्णराजाच्या पराक्रमाने पांड्य, वंग, कलिंग, कीर, हूण इत्यादी भयभीत झाल्याचे वर्णन आहे. 'कर्णाने पांड्यांना जिंकले' असे लिहिणारा विद्यार्थी काव्यसंकेताला इतिहास समजतो. त्याऐवजी 'प्रशस्तिकार असे म्हणतो' ही शब्दयोजना अंगवळणी पडली, तर वाक्याच्या रचनेतूनच पुराव्याचे बळ स्पष्ट होते.

यासाठी टिपणवहीत तीन रकाने पुरेसे आहेत: लेखातील शब्द, संपादकाचे मत आणि स्वतःचे अनुमान. घरी मराठी व शाळेत हिंदी असलेल्या जबलपूरच्या विद्यार्थ्याने चौथा रकाना जोडावा: उतारा संस्कृत, इंग्रजी वा हिंदी यांपैकी कोणत्या भाषेतून घेतला. अनुवादात अर्थ कोठे सरकला, हे त्यावरून शोधता येते. त्यानंतर एकच परिच्छेद लिहवून घ्यावा आणि सहाध्यायाने त्यातील प्रत्येक वाक्य कोणत्या रकान्यातून आले, हे तपासावे. ज्या वाक्याचा रकाना सापडत नाही, ते पुन्हा लिहावे किंवा गाळावे.