मोडलेलें मनगट आणि हाताची मशागत

मृगाचा पाऊस लागला कीं पाचोरा तालुक्यांतील काळी जमीन पायाखालून निसटूं लागते. बांधावरून उतरतांना, गोठ्यांतल्या ओल्या फरशीवर, बैलगाडीवरून खालीं उडी टाकतांना, आणि अलीकडे चिखलाच्या वाटेवर मोटारसायकल घसरून, माणूस पडतो तो बहुधा हात पुढें टाकूनच. साऱ्या शरीराचा भार एका तळहातावर येतो आणि मनगटाच्या थोडें वर, अंगठ्याच्या बाजूचें हाड मोडतें. ह्या मोडीचें वर्णन डब्लिन येथील शस्त्रवैद्य अब्राहम कॉलिस यांनीं १८१४ सालीं प्रसिद्ध केलें. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर एक्याऐंशी वर्षांनीं, १८९५ त लागला. केवळ डोळ्यांनीं पाहून व बोटांनीं चांचपून त्यांनीं ही मोड ओळखली होती. हिचाच एक भाऊबंद प्रकार यंत्राच्या हँडलनें होतो. मोटारगाड्या हँडल मारून सुरू कराव्या लागत त्या काळीं हँडल उलट फिरून चालकांचीं मनगटें मोडत, म्हणून त्या मोडीस इंग्रजी वैद्यकांत मोटारचालकाची मोड असें नांवच पडलें. विहिरीवरचें ऑईल इंजिन हातानें फिरविणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

परंतु आज आम्हांस लिहावयाचें आहे तें हाड मोडण्याविषयीं नव्हे, तर हाड जुळल्यानंतरच्या काळाविषयीं. प्लॅस्टर कापून निघालें कीं उपचार संपला, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक अर्धें काम तेथें सुरू होतें. पांच-सहा आठवडे बांधून ठेवलेला हात बाहेर येतो तो वाळलेल्या काटकीसारखा बारीक, कातडीवर कोंडा धरलेला, आणि मनगटांत इतका ताठर कीं ओंजळ धरतां येत नाहीं. तो पाहून माणूस घाबरतो. दुखतें म्हणून हात पोटाशीं धरून बसतो. आणि जितका धरून बसतो तितका हात अधिक ताठरतो. मग वेचणीचे दिवस येतात. घरच्या बाईला कपाशीचें बोंड धरवत नाहीं, कर्त्या पुरुषाला कासरा आवळवत नाहीं, आणि बैलजोडी विकावी कीं शेत बटाईनें लावावें असा विचार घरांत सुरू होतो. हाड उत्तम जुळलें असूनही हात गेला, असें होऊं शकतें. हाड जुळविणें हें निसर्गाचें व डॉक्टरांचें काम. हात परत मिळविणें हें मात्र ज्याचें त्यालाच करावें लागतें.

ही कल्पना नवी किंवा परदेशी आहे असें कोणी समजूं नये. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांतील तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांच्या उपचाराचा आहे. बांधणें सैल राहिलें तर सांधा स्थिर होत नाहीं आणि फार आवळलें तर सूज, ठणका व पाक होतो, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. जुळण्यास लागणारा काळ तरुण वयांत एक महिना, मध्यम वयांत त्याच्या दुप्पट व उतारवयांत तिप्पट धरला आहे. हाड मोडलेल्यानें व्यायाम करूं नये, असेंही तेथें म्हटलें आहे, आणि आपल्या लोकांच्या ध्यानांत एवढेंच राहिलेलें दिसतें. त्याच अध्यायांत तळहाताच्या मोडीविषयीं पुढें जें सांगितलें आहे तें फारच थोड्यांस ठाऊक असेल. रोग्यानें प्रथम शेणाचा गोळा हातांत धरावा, त्यानंतर मातीचा, आणि हातांत बळ आल्यावर दगड धरावा! तेथें प्रसंग तळहाताचा आहे, मनगटाचा नव्हे, हें खरें. पण मऊ वस्तूपासून कठीण वस्तूपर्यंत पायरीपायरीनें भार वाढवावयाचा हें जें तत्त्व, तेंच आज मोठमोठ्या रुग्णालयांतून रबरी चेंडू व मऊ लगदा देऊन पाळलें जातें. शेण, माती आणि दगड ह्या तिन्ही वस्तूंसाठीं शेतकऱ्यास कोठें जावें लागत नाहीं.

आतां प्रत्यक्ष रीत सांगतों. हात मोडतांच अंगठी, बांगड्या, पाटल्या ताबडतोब काढाव्या. सूज चढल्यावर त्या निघत नाहींत आणि बोटाचा रक्तप्रवाह अडवितात. प्लॅस्टर घातल्यावर पहिले कांहीं दिवस हात उशीवर, छातीहून उंच ठेवावा. मनगट बांधलेलें असलें तरी बोटें, कोपर आणि खांदा मोकळे आहेत, आणि त्यांचा व्यायाम पहिल्याच दिवशीं सुरू होतो. जागेपणीं दर तासाला बोटें पूर्ण सरळ करावीं, मग पूर्ण मूठ मिटावी, अंगठा एकेका बोटाच्या टोकास लावावा. असें दहा वेळां. त्याबरोबर कोपर वांकवून सरळ करावें आणि दंड कानाला लागेपर्यंत हात वर न्यावा. हात रात्रंदिवस झोळींत ठेवणारांचा खांदा धरतो, आणि मग एका दुखण्याचीं दोन होतात. बोटें काळीनिळीं पडलीं, गार किंवा बधिर झालीं, किंवा बोट ताणतांच असह्य कळ येऊं लागली, तर सकाळची वाट न पाहतां त्याच रात्रीं रुग्णालय गांठावें. घट्ट पट्टीखालीं स्नायू मरतात आणि तो हात पुन्हा सरळ होत नाहीं. गांवठी बांबूच्या पट्ट्यांनीं आवळून घेणारांस हा धोका विशेष आहे.

प्लॅस्टर निघाल्यावर हात दहा मिनिटें कोमट पाण्यांत बुडवून ठेवावा. मग बाहुटा मेजाच्या कडेवर ठेवून पंजा कडेबाहेर लोंबूं द्यावा आणि तो सावकाश वर उचलावा व खालीं सोडावा. नंतर पंजा भाकरी थापल्यासारखा पालथा ठेवून डावीकडे-उजवीकडे न्यावा. तिसरा व्यायाम सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत कंटाळवाणा आहे. कोपर बरगडीस चिकटवून काटकोनांत धरावें, हातांत लाटणें किंवा रवी घ्यावी, आणि तळहात आकाशाकडे व मग जमिनीकडे फिरवावा. तळहात वर वळल्याशिवाय दाणे ओंजळींत येत नाहींत. कोपर बरगडीपासून सुटलें तर खांदाच फिरतो आणि मनगट फिरल्याचा नुसता भास होतो, म्हणून पहिले आठ दिवस घरांतील कोणीतरी समोर बसून पाहावें. शेवटीं नमस्कारासारखे दोन्ही तळहात जोडून कोपरें हळूहळू वर न्यावीं. निरोगी हात दुखऱ्याला मागें वांकविण्यास मदत करतो. प्रत्येक व्यायाम दहा वेळां, आणि असें दिवसांतून चार-पांच वेळां. एकदांच तासभर रेटण्यापेक्षां थोडें थोडें वारंवार करणें हितावह आहे; ठिबकाचें पाणी व मोकाट पाणी यांतला फरक आमच्या वाचकांस सांगावयास नको.

दुखण्याचें माप असें. ताण बसणें व थोडें दुखणें हें ठीक. व्यायामानंतर अर्ध्या तासांत तें शमलें तर पुढें चालावें. रात्रभर ठणकलें किंवा सूज वाढली तर दुसऱ्या दिवशीं निम्में करावें, पण अजिबात सोडूं नये. तेलाचा हलका हात फिरविण्यास हरकत नाहीं. मात्र दुसऱ्या कोणाकडून मनगट ओढवून किंवा मुरगळवून घेणें सर्वथा वर्ज्य समजावें.

हें सर्व शिकविणारे लोक, ज्यांस फिजिओथेरपिस्ट म्हणतात, ते आपल्या देशांत फार जुने नाहींत. त्यांच्या शिक्षणाची पहिली शाळा मुंबईस के. ई. एम. रुग्णालयांत १९५३ सालीं निघाली. आज जळगांव व धुळें येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत, तेथें चौकशी करावी. आठवड्यांतून तीन वेळां गाडीभाडें खर्चून जाणें ज्यांस जमत नाहीं, त्यांनीं खिन्न होऊं नये. व्यायाम एकदां नीट शिकून घेऊन घरीं नेमानें करणारे आणि वारंवार दवाखान्यांत जाऊन करणारे यांची तुलना अनेक चाचण्यांत झाली आहे, आणि साध्या मोडींत घरीं करणारे सहसा मागें पडलेले दिसले नाहींत. अर्थात्‌ नेम हा शब्द येथें महत्त्वाचा. ज्यांचें हाड शस्त्रक्रिया करून पट्टीनें बसविलें आहे त्यांस मनगटाचा व्यायाम बहुधा पुष्कळ लवकर सुरू करतां येतो. पण त्याचा दिवस डॉक्टरांनींच ठरवावा.

तीन खुणा मात्र व्यायामानें जाण्याजोग्या नव्हेत. अंगठा, त्याशेजारचें बोट व मधलें बोट रात्रीं झिणझिणत असेल तर मनगटांतील शीर दबलेली असते. कांहीं आठवड्यांनीं अंगठा अचानक वर उचलेनासा झाला तर त्याची दोरी तुटलेली असूं शकते. किरकोळ मोडींतही हें घडतें. आणि हात चकचकीत, घामेजलेला, कधीं तापलेला तर कधीं गार होऊन आगीसारखा जळूं लागला, तर हें दुखणें निराळेंच आहे. तें जितक्या लवकर ओळखावें तितकें बरें. यांपैकीं कांहींही दिसल्यास डॉक्टरांकडे जावें.

पन्नाशी उलटलेल्या स्त्रीचें मनगट केवळ उभ्याउभ्या पडून मोडलें असेल, तर हाडेंच ठिसूळ झालीं आहेत असा संशय धरावा. मनगट ही पुष्कळदां पहिली सूचना असते आणि पुढची पाळी खुब्याची येते. अशा वेळीं हाडांची घनता तपासून घ्यावी. घरांतील कर्त्या मंडळींनीं हा खर्च टाळूं नये; बैलाच्या खुरासाठीं जो माणूस तालुक्याला धांवतो त्यानें आईसाठीं जळगांवापर्यंत जावें, इतकें म्हणण्याचा आमचा अधिकार वाचक मान्य करतील.

कामावर परतण्याचा क्रम सामान्यतः असा ठेवावा. प्लॅस्टर निघतांच जेवणें, बटणें लावणें, केस विंचरणें हीं कामें त्याच हातानें सुरू करावीं. थोड्या दिवसांनीं ओलें फडकें पिळणें, मग कळण्याच्या भाकरीचें पीठ मळणें. हा सुश्रुताचा मातीचा गोळाच होय. कापूस वेचण्यास बोटांची चपळाई लागते, जोर कमी, म्हणून तें काम आधीं जमतें. पण ओटी भरली कीं ती दुसऱ्यानें रिकामी करावी. पाण्याची कळशी, खताचें पोतें, कुऱ्हाड आणि वखराची मूठ यांस मोडीपासून सुमारें तीन महिने हात लावूं नये, आणि लावण्यापूर्वीं हाड पक्कें झाल्याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावी. म्हशीची धार काढणें सर्वांत शेवटीं, कारण त्यांत मूठ व मनगट दोन्ही एकसारखीं राबतात. प्रथम एकाच सडावर हात बसवावा आणि बाकीचीं सडें दुसऱ्यानें काढावीं. पकडीचा जोर पूर्ववत्‌ होण्यास सहा महिने, कित्येकांस वर्षही लागतें. तोंवर म्हैस शांत स्वभावाची असलेली बरी.