पुस्तक एकच, कुलपं निराळी

विनाकुलपाच्या ई-पुस्तकाची ‘ईपब’ फाइल घ्यावी, नावामागचं शेपूट बदलून ‘झिप’ करावं आणि संगणकावर उघडावी. आत साधाच संसार दिसतो: प्रकरणांची वेबपानं, अक्षरांचं रूप ठरवणारी फाइल, मुखपृष्ठाचं चित्र आणि कुठल्या प्रकरणानंतर कुठलं हे सांगणारी यादी. वेबसाइट बनवणाऱ्या कुणालाही यात नवं काही सापडणार नाही.

हे स्वरूप सप्टेंबर २००७मध्ये प्रमाण ठरलं. दोनच महिन्यांनी ॲमेझॉनचं किंडल आलं आणि ते ईपब वाचेना! ॲमेझॉनने २००५मध्येच मोबीपॉकेट ही फ्रेंच कंपनी विकत घेतली होती. किंडलची फाइल तिच्या घराण्यातली. गंमत म्हणजे तिच्याही पोटात वेबपानांचीच भाषा. म्हणजे अडचण तंत्राची नव्हतीच, दुकानदारीची होती.

खरी मेख कुलपात आहे. चोरट्या प्रतींच्या धास्तीने प्रकाशक मजकूर सांकेतिक करून मागतात. किल्ली ग्राहकाच्या खात्याला बांधलेली, आणि खातं दुकानाकडे. ॲपलचं कुलूप वेगळं, अडोबीचं वेगळं. त्यामुळे दोन्हीकडे ईपबच असूनही एकाचं पुस्तक दुसऱ्याकडे उघडत नाही. शंभर पुस्तकं घेतलेला वाचक दुकान बदलायला धजावत नाही, हे दुकानदाराच्या पथ्यावरच पडतं.

किल्ली परक्या हाती असली की काय होतं, ते २००९मध्ये दिसलं. हक्कांच्या घोळामुळे ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काही पुस्तकं पुसली. त्यांत नेमकी ऑर्वेलची ‘१९८४’! मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये ई-पुस्तकांचं दुकान गुंडाळलं तेव्हा विकलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले. समासात टिपणं केलेल्यांना वर २५ डॉलर. विज्ञानकथांच्या ‘टॉर’ प्रकाशनाने मात्र २०१२मध्ये कुलूपच काढून टाकलं.

मराठीचं दुखणं थोडं निराळं. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक; आपली कितीतरी पुस्तकं त्याआधीच्या फाँटांत जुळवलेली. पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे भलत्याच चिन्हाचा क्रमांक असतो. फाँट बदलला की मजकुराचा चिवडा. अशा फाइलीचं ईपब करायचं तर आधी सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, मग जोडाक्षरं आणि रफार एकेक तपासत बसायचं. त्यापेक्षा पीडीएफ सोपी, कारण तिच्यात छापील पान जसंच्या तसं गोठतं. मग मोबाइलवर वाचणारा दोन बोटांनी पान मोठं करतो आणि प्रत्येक ओळीचं शेवटचं टोक शोधत ते डावी-उजवीकडे सरकवत राहतो.